चौथीच्या वर्गासाठी दोन शनिवार : ठाण्यातील एका शिक्षक कार्यशाळेविषयी

तलावपाळीपासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या एका सभागृहात तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांसाठी भरलेली दोन शनिवारांची कार्यशाळा मी जुलैमध्ये पूर्ण केली, आणि तिथे शिकलेल्या गोष्टी नौपाड्यातील माझ्या चौथीच्या ४६ मुलांच्या वर्गात सात आठवडे वापरून पाहिल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. कार्यशाळेतून घरी नेलेला उत्साह सोमवारच्या पहिल्या तासाला ओसरतो, हा अनुभव मला याआधी दोनदा आलेला असल्यामुळे या वेळी लिहिण्याची घाई मुद्दामच केली नाही.

शुल्क १,२०० रुपये होते. त्यात पुस्तिका, दोन्ही दिवसांचा चहा-नाश्ता आणि महिन्याभराने होणारी एक आढावा बैठक धरलेली होती. ठाण्याखेरीज कळवा, ऐरोली आणि कोपरखैरणे येथूनही शिक्षक आले होते. मार्गदर्शक बाईंनी स्वतः अनेक वर्षे पाचवीला गणित शिकवलेले आहे आणि ते त्यांच्या बोलण्यातून पदोपदी जाणवत होते. उदाहरण दिल्यावर तिसऱ्याच मिनिटाला वही उंचावून ‘बाई, माझं झालं!’ म्हणणाऱ्या मुलाचे काय करायचे, हा प्रश्न कोणी विचारण्याआधी त्यांनीच उपस्थित केला. त्यांचे उत्तर असे की, काम देण्यापूर्वीच फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात पुढचे काम लिहिलेले असावे, आणि ते आणखी पाच गणिते असे नसावे, कारण लवकर काम संपवण्याची शिक्षा म्हणून जादा काम मिळते हे मुलांच्या लगेच लक्षात येते. मी सध्या तिथे ‘शेजाऱ्यासाठी असेच एक गणित तयार करा आणि त्याचे उत्तर वहीच्या मागच्या पानावर लिहा’ असे लिहिते. मुले स्वतः गणित तयार करू लागली की त्यांना नेमके काय कळले आहे ते त्या गणितातून दिसते, हा मला अनपेक्षित मिळालेला लाभ आहे.

पहिल्या शनिवारचा पूर्वार्ध ‘मधल्या मिनिटांना’ दिलेला होता आणि माझ्या मते संपूर्ण कार्यशाळेतील तो सर्वांत मोलाचा भाग होता. एक विषय संपून दुसरा सुरू होईपर्यंत, वह्या गोळा करताना, पाणी पिऊन आल्यावर किती मिनिटे जातात, याची नोंद आठवडाभर करून आणण्यास आम्हाला आधीच कळवलेले होते. माझ्या नोंदीत ३५ मिनिटांच्या तासामागे सरासरी पाच मिनिटे जात होती. आठ तासांची मिळून ती ४० मिनिटे झाली, म्हणजे दररोज एक संपूर्ण तास मी केवळ ‘बसा, वह्या काढा, गप्प राहा’ यांत घालवत होते. मुलांचा गोंगाटही बहुतेक वेळा याच फटींमध्ये उगवतो, हे मला स्वतःची नोंद पाहिल्यावर पटले. त्यावरचे उपाय अगदी साधे आहेत. वह्या मिटून न देता तपासायच्या पानावर उघडून, मागच्या बाकावरून पुढे, एकावर एक ठेवत आणायच्या. माझ्या वर्गात याला पूर्वी आठ मिनिटे लागत, आता दोन लागतात, आणि शिक्षककक्षात प्रत्येक वहीचे पान शोधण्याचा वेळ वाचतो तो वेगळाच. शांततेसाठी शिकवलेली टाळ्यांची लय मात्र तीन दिवसांत खेळ होऊन बसली. तिच्याऐवजी फळ्याच्या डाव्या बाजूला एका ठरावीक जागी काही न बोलता उभे राहण्याची सवय मी लावून घेतली आणि ती टिकली.

दुपारच्या सत्रात प्रश्न विचारल्यानंतर थांबण्याविषयी चर्चा झाली. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने वर्गांतील संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकून, शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात आणि हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर उत्तरे लांबतात व अधिक मुले बोलू लागतात, असे १९७० च्या दशकात दाखवून दिले होते. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात ४६ चेहऱ्यांसमोर तीन सेकंद गप्प राहणे फार कठीण आहे, म्हणून मी पाठीमागे हात घेऊन बोटांवर मोजते. याला जोडूनच फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणे आणि शेवटी वर्गाला सांगणे ही पद्धत शिकवली गेली. आपल्या दोन आसनी बाकांसाठी ती जणू बेतलेलीच आहे, कारण जोडीदार आयता शेजारीच असतो.

बैठकव्यवस्थेचे सत्र त्या मानाने निराश करणारे होते. पडद्यावर दाखवलेल्या छायाचित्रांत हलकी टेबले होती आणि पंचवीसच्या आसपास मुले. शिक्षण हक्क कायद्यातही पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण अपेक्षिलेले आहे, पण माझ्या खोलीत २३ लोखंडी बाक आहेत आणि त्यांच्यामधून मला आडवेच चालावे लागते. उपाय शेवटी कळव्याहून आलेल्या एका बाईंनी सुचवला : बाक हलवायचेच नाहीत, विषम क्रमांकाच्या बाकांवरील मुलांनी फक्त मागे वळून बसायचे, की चौघांचा गट तयार होतो.

दुसऱ्या शनिवारी गणित होते आणि त्यात अपूर्णांक. समान लांबीच्या कागदी पट्ट्या दुमडून १/२, १/४, १/८ आणि १/३, १/६ दाखवण्याचा उपक्रम उत्तम होता. मी तो जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्यांवर केला आणि त्याला एक रुपयाही खर्च आला नाही. मात्र पुस्तिकेतील सर्व उदाहरणे पिझ्झाची होती आणि याची मला मनापासून खंत वाटली. जांभळी नाक्याच्या बाजारात आईबरोबर पाव किलो भेंडी घेणाऱ्या मुलाला पाव हा अर्ध्यापेक्षा कमी असतो हे सांगावे लागत नाही. तोच मुलगा वहीत १/४ आणि १/२ यांतील मोठा अपूर्णांक विचारला की १/४ ला खूण करतो, कारण त्याला फक्त २ पेक्षा मोठा असलेला ४ दिसतो. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे स्वतंत्र शब्द ज्या भाषेत रोजच्या वापरात आहेत, आणि जिच्यात एके काळी मुले पावकी, निमकी, दीडकीपासून साडेतीनच्या औटकीपर्यंतचे पाढे म्हणत असत, त्या भाषेत शिकवताना ही पुंजी बाजूला ठेवण्याचे काहीच कारण नव्हते. मी पट्ट्यांवर आधी शब्द लिहून घेतले आणि चिन्हे दुसऱ्या दिवशी आणली. १/४ चे वाचन ‘एक छेद चार’ याबरोबरच ‘पाव’ असेही होऊ लागल्यावर ती चूक बरीच कमी झाली.

तासाच्या शेवटी एकच प्रश्न विचारून चिठ्ठीवर उत्तर घेण्याची सूचना मी आठवड्यातून दोनदाच अमलात आणू शकते, कारण ४६ चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करायला दहा मिनिटे लागतात. पण त्या दहा मिनिटांतून जे हाती येते ते चाचणीतून येत नाही. ३,४०५ मधील ४ ची स्थानिक किंमत विचारली तेव्हा १९ मुलांनी ४ असे लिहिले होते. ४०० हे उत्तर त्यांना येत नव्हते असे नव्हे. त्यांनी दर्शनी किंमत आणि स्थानिक किंमत या दोन शब्दांची अदलाबदल केली होती. संपूर्ण घटक पुन्हा शिकवण्याऐवजी दुसऱ्या दिवशी मी फक्त ते दोन शब्द घेतले.

ज्या सत्राला माझा स्पष्ट विरोध आहे ते चांदण्यांच्या तक्त्याचे. प्रत्येक मुलाचे नाव भिंतीवर, चांगल्या वागणुकीला चांदणी आणि चुकीला ती काढून घेणे, अशी ती योजना होती. मी ती प्रामाणिकपणे राबवली. दुसऱ्या आठवड्यात तीच चार नावे तळाशी दिसू लागली, त्यांतील एक मुलगा परिपाठाहून येताना तक्त्याकडे पाठ करून बाकाकडे जाऊ लागला, आणि त्याच दिवशी मी तक्ता उतरवला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई आहे. भिंतीवरचा तक्ता त्या व्याख्येत बसतो की नाही हा वाद मी घालणार नाही, पण शिस्तीवरील सत्रात या कलमाचा उल्लेखसुद्धा होऊ नये, ही गंभीर उणीव आहे. मार्गदर्शक बाईंना मी हे आढावा बैठकीत सांगितले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून लिहून घेतले.

पुस्तिकेचे मराठी अनेक ठिकाणी अडखळते आणि दोन पाने तर वाचून अर्थ लागत नाही. सभागृहाची सोय आणि वेळेचे पालन यांबद्दल तक्रार नाही.

आढावा बैठकीला निम्म्याहून कमी शिक्षक आले, हे त्यांचे नुकसान झाले असे मला वाटते, कारण वर्गात काय फसले हे मोकळेपणाने बोलले गेले ते त्याच दोन तासांत. नोकरीची पहिली चार-पाच वर्षे झालेल्या शिक्षकांनी ही कार्यशाळा अवश्य करावी आणि आढाव्याची तारीख आधीच राखून ठेवावी. अनुभवी शिक्षकांना पहिल्या शनिवारचा पूर्वार्ध आणि गणिताचे सत्र पुरेसे आहे. आयोजकांनी तेवढ्यासाठी वेगळे शुल्क ठेवले, तर आमच्या शाळेतून आणखी तिघीजणी नाव नोंदवण्यास तयार आहेत.