लग्नाचं सोनं: नवं घ्यावं, बदलावं की घरचंच आटवावं?

मेहुण्याचा परवा फोन आला. "दाजी, दिवाळीनंतर पोरीचं लग्न धरलंय. पाच तोळे नवे घेऊ, की आईच्या पाटल्या मोडू?" दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या लग्नात मी याच पेचातून गेलो, म्हणून त्याने मला विचारलं. नाहीतर सोन्याचा सल्ला पाणीवाल्याला कोण विचारतं? माझी नोकरी गेली फिल्टरेशन प्लांटवर, तुरटी आणि क्लोरीनच्या वासात.

भाव, कॅरेट, घडणावळ यांचं मी इथे काही बोलत नाही. नाशिकमध्ये ते प्रत्येक घरातल्या बाईला तोंडपाठ असतं. मी बोलतोय ते फक्त तीन वाटांबद्दल. दुकानातून नवं घ्यायचं, जुनं देऊन दुकानातलं तयार घ्यायचं, किंवा आपलंच सोनं आपल्या डोळ्यांसमोर आटवून त्याचाच दागिना करून घ्यायचा. दुसरी आणि तिसरी वाट लोक एकच समजतात. मीही समजत होतो.

नव्याचं सुख मान्य करायला हवं. एसीत बसा, चहा घ्या, दहा नमुने बघा, बिल घेऊन घरी या. आता हॉलमार्कसोबत सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक येतो. तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की दागिना कुणी नोंदवला, कुठल्या केंद्रात तपासला, शुद्धता किती, सगळं दिसतं. पूर्वी हा विश्वास फक्त घरच्या सोनारावर असायचा.

माझं घोडं अडलं ते इथेच. त्या सहा अक्षरांत सगळं आहे, पण सोनं कुठल्या जमिनीतून निघालं ते नाही. मी चार दुकानांत विचारलं. एकाने "स्वित्झर्लंडचं" सांगितलं, जणू आल्प्समध्ये खाणी आहेत. तिथे शुद्धीकरणाचे मोठे कारखाने आहेत, एवढंच. दुसरा हसून म्हणाला, "काका, सोनं ते सोनं, त्याला कसली जात?" उरलेल्या दोघांनी विषय बदलला. त्यांचा दोष नाही, त्यांनाही माहीत नसतं. जगभरातलं सोनं शुद्धीकरणात एकत्र वितळलं की त्याची जन्मखूण पुसली जाते. किलोभर डाळिंबं घेतली तर बागवान सटाण्याची की सांगोल्याची ते सांगतो, आणि लाखांच्या वस्तूचं गाव कुणाला माहीत नाही, हे मला फार खटकलं.

खटकायला कारण होतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये घानातली एक बातमी वाचली. तिथल्या प्रा नदीवर सेकेरे हेमांग नावाचं जलशुद्धीकरण केंद्र आहे, आमच्यासारखंच. ते बांधलंय 2,000 एनटीयू (गढूळपणा मोजायचं माप) इतकं गढूळ पाणी झेलण्यासाठी, आणि नदीतून येत होतं सरासरी 14,000. वरच्या अंगाला बेकायदा सोनं काढणाऱ्यांनी काठ आणि तळ उपसून काढला होता. हा आकडा वाचून माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडे पहिल्या पावसात धरणात लाल पाणी उतरलं आणि मीटर शंभराच्या पुढे सरकला, की आम्ही तुरटीचा डोस वाढवत, जारमध्ये नमुने ढवळत रात्र काढायचो. पिण्याच्या पाण्याला आपलं मानक 1 एनटीयू, दुसरा स्रोतच नसेल तर 5. चौदा हजार म्हणजे पाणी नव्हेच, ते गारा करून भिंतीला लिंपता येईल. आणि आमचा लाल गाळ दोन-चार महिन्यांनी बसायचा तरी. तिथे बारा महिने उपसा.

तरी गाळ परवडला, तो दिसतो. पारा दिसत नाही. छोट्या खाणीतले लोक सोन्याच्या मातीत पारा कालवतात, तो सोन्याचे कण धरतो, मग तो गोळा उघड्यावर तापवून पारा उडवतात. उडालेला बराचसा जवळपासच पडतो, सांडलेला थेट नदीत. तळच्या गाळात जिवाणू त्याचं मिथाइल पारा करतात, तो किड्यांतून माशांत, लहान माशांतून मोठ्यात आणि शेवटी ताटात येतो. माणूस जगभर जितका पारा हवेत सोडतो, त्यातला साधारण 38 टक्के या छोट्या सोनखाणींचा आहे. आपल्या मानकात पाऱ्याची मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम आहे, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत एक मिलिग्रॅम. तुरटीने गाळाला चिकटलेला पारा खाली बसतो, विरघळलेला बराचसा निसटतो. उकळून उपयोग नाही. प्लांटवाल्याच्या हातात काही राहत नाही, हे मी अनुभवाने नाही, पण धंद्याच्या जाणिवेने सांगतो.

मोठ्या, परवाना असलेल्या खाणी पारा वापरत नाहीत, सायनाइड वापरतात. उन्हात सायनाइडचं बरंचसं विघटन होतं, आणि नीट चालवलेली खाण ते आधी मारूनच पाणी सोडते. पण 30 जानेवारी 2000 ला रुमानियात बाया मारे इथे खाणीच्या गाळाचा बांध फुटला. सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडचं पाणी तिसा नदीतून डॅन्यूबपर्यंत गेलं आणि हंगेरीत मेलेले मासे टनांनी काढावे लागले. म्हणजे चांगलं सोनं आणि वाईट सोनं असतं, यात शंका नाही. मला फक्त काउंटरवर उभं राहून त्यातलं वेगळं काढता येत नाही. कर्नाटकातल्या हट्टीच्या खाणीचंच द्या म्हणावं, तर देशात निघतं वर्षाला दीड टनाच्या आसपास आणि आयात होतं शेकडो टन.

आता दुसरी वाट, बदलून घेण्याची. मनाला बरं वाटतं, जुन्यातून नवं झालं म्हणून. पण आईच्या पाटल्या काउंटरच्या पलीकडे गेल्या की संपल्या. त्या कुठेतरी वितळतात, आणि तुमच्या हातात येतो तो शोकेसमधला हार, ज्याचं गाव पुन्हा अज्ञातच. वर कॅरेट मशीनचा खेळ. त्याचा क्ष-किरण पृष्ठभागच वाचतो, त्यामुळे डाक, म्हणजे जोडाचा टाका, लागलेल्या जागी मशीन धरलं की कस कमी दिसतो. आमच्या मोहनमाळेचे एका दुकानात आणि दुसऱ्या दुकानात वेगळे कॅरेट निघाले. कोण खरं होतं, मी सांगू शकणार नाही.

शेवटी मी तिसरी वाट धरली. सराफ बाजारातल्या एका बोळात, जिथे गोदावरीला मोठा पूर आला की दुकानं रिकामी करावी लागतात, तिथल्या कारागिराकडे बायकोच्या आजीचे गोठ आणि ती मोहनमाळ घेऊन बसलो. आधी त्याने गोठ कापले. आतून लाख निघाली. मुशीत घातल्यावर तिचा जळका, गोडसर वास सगळ्या बोळात पसरला. चिमूटभर टाकणखार, फुंकणीची निळी ज्योत, आणि मग मुशीच्या तळाला ते हललं. अंड्याच्या बलकासारखं, पण स्वतःच्याच उजेडाने. साडेएकेचाळीस ग्रॅम दिले होते, पट्टी निघाली अडतीसची. लाख, डाक, साठ वर्षांचा मळ, असं सगळं त्याने मोजून दाखवलं. बायको रिक्षात एक शब्द बोलली नाही. साडेतीन ग्रॅम म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

तर तोटे हे असे. घट जाते, नमुने कमी मिळतात, तीन आठवडे खेटे घालावे लागतात, हॉलमार्कची केंद्रावरची तपासणी आपणच पाठपुरावा करून करून घ्यावी लागते. आणि कारागीर ओळखीचा नसेल तर मी स्वतः हा उद्योग करणार नाही. आटणीही धुतल्या तांदळासारखी नाही. जुन्या केडीएमच्या जोडात कॅडमियम असतं, त्याचा धूर कारागिराच्या छातीत जातो. सोनं जास्त शुद्ध करायचं म्हटलं की तेजाब आलं, आणि ते धुतलेलं पाणी शेवटी आपल्याच गटारात, म्हणजे आपल्याच गोदेकडे. म्हणून मी बावीसचं बावीसच ठेवलं, उगाच चोवीसला नेलं नाही.

आणि हो, माझ्या अडतीस ग्रॅमने घानातली नदी निवळली, असं मी मानत नाही. जगाच्या पुरवठ्यात साधारण पाव हिस्सा जुन्या सोन्याचा आहे, आणि चोरट्या खाणीतलं सोनंही मोड म्हणून त्यात घुसवता येतं. पण माझ्या मुलीच्या गळ्यातली ठुशी कुठून आली, हे मी शपथेवर सांगू शकतो. आजीसासूच्या मनगटावरून. त्या आधीचं मलाही माहीत नाही, पण त्यासाठी या पिढीत नवी नदी कुणी खणली नाही.

पाटल्या भरीव असतील आणि घरात कुणाचा जीव त्यांच्यात अडकलेला नसेल, तर माझं मत तुम्हाला कळलंच असेल. सासूबाईंचा जीव अडकला असेल, तर नवं घ्या आणि मला नावं ठेवू नका.

मेहुण्याचं अजून ठरत नाही. गुरुवारी येतोय, सराफ बाजारात एकदा नवे नमुने बघू म्हणाला. मी म्हटलं, ये, आणि येताना आईच्या पाटल्या पिशवीत घालून आण, नुसत्या दाखवायला.