हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री की आयटीआय? मालवणात घरचा होमस्टे असेल तर

घरचा होमस्टे आहे, मुलाला नक्की काय शिकायला घालू असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय. मी मुंबईत तीन वर्षांची हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री केली, धाकट्या बहिणीने दहावीनंतर आयटीआयमधली फूड प्रॉडक्शनची एक वर्षाची ट्रेड, त्यामुळे दोन्हीकडचं बरंवाईट घरातच बघायला मिळालं.

डिग्रीने मला बोलायला शिकवलं हे आधी मान्य करतो. परदेशी गेस्ट आला तरी अडखळायला होत नाही, बुकिंग, बिलं, कॉस्टिंग जमतं. क्रूझवर किंवा दुबईला जायचं असेल तर डिग्रीच बरी असं मला वाटतं.

पण मला नडला तो सीझन. आपल्याकडे जून ते ऑगस्ट वॉटर स्पोर्ट्स बंद, किल्ल्याच्या होड्या बंद, खरी कमाई दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची. माझं ट्रेनिंग नेमकं डिसेंबरात, एका मोठ्या हॉटेलात, सुट्टीचं नावच नाही. तिकडे मी रात्री एक वाजेपर्यंत बँक्वेटच्या प्लेटा पुसतोय आणि इकडे चारही खोल्या फुल, आई एकटी पहाटे पाचपासून घावणे काढतेय, पाहुण्यांना तारकर्लीला कोण नेणार म्हणून मला फोन करतेय. तो आठवडा मी विसरलेलो नाही.

बहीण एसटीने जायची, संध्याकाळी घरी. शनिवार-रविवार गेस्ट आले की वर्गात शिकलेलं लगेच वापरायची. कच्ची मासळी आणि शिजवलेलं फ्रीजमध्ये वेगळं ठेवायचं, चिकनची सुरी सॅलडला लावायची नाही हे तिने आईला शिकवलं, आणि तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आईने तिला. तिचं इंग्रजी थोडं कच्चं राहिलं हे खरंय, पण फोनवर बुकिंग घेता घेता सुधारलं.

ही ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसते, आधी चौकशी करा. आणि पोराला किचनपेक्षा पाण्याची ओढ असेल तर तारकर्लीतलं एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, स्कूबा केंद्र आहेच, तेही बघून या.

सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा झाला. माझ्या वर्गात कोकणातले आम्ही पाच जण होतो, गावी परतलो दोघंच. बाकीच्यांना दोष देत नाही, पण शिक्षण घराजवळ असतं तर अजून एखादा तरी इथे राहिला असता असं वाटत राहतं.

चुलतभाऊ यंदा दहावी झालाय. त्याचा आयटीआयचा ऑनलाइन फॉर्म मीच भरून दिलाय.