सौर प्रशिक्षणाच्या नावाखाली गेलेले ६१,९५० रुपये

मी लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. आयटीआयमधून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण केला, नंतर परवाना काढला आणि गेली चौदा वर्षे घरगुती वायरिंगची कामे करतो आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढचे वाचून कोणी म्हणेल की अडाणी माणूस होता म्हणून फसला. माझ्यासोबत आणखी वीस जण फसले आणि त्यांतले बहुतेक याच धंद्यातले, हाताला काम असलेले होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली. तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते हे कळल्यावर वायरिंगचे गिऱ्हाईकही ‘छतावर सोलर बसवता का’ असे विचारू लागले. मला ते काम येत नव्हते आणि चार ओळखीची घरे माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांकडे गेली. अशा वेळी मोबाइलवर जाहिरात आली: नांदेडला दहा दिवसांचे प्रशिक्षण, ‘शासनमान्य’ प्रमाणपत्र, योजनेत विक्रेता म्हणून नोंदणी आणि महिन्याला किमान आठ घरांचे काम. प्रवेशाचे २,९५० रुपये, प्रशिक्षणाचे १७,७०० रुपये आणि विक्रेता नोंदणी व अवजारांचे ४१,३०० रुपये, असे एकूण ६१,९५० रुपये मी भरले. शेवटची रक्कम पत्नीने बचत गटातून कर्ज काढून दिली.

पावतीवर १८ टक्के जीएसटी लावलेला होता, पण जीएसटी क्रमांक नव्हता. तो पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. पावती हातात पडताच तो शोधा.

परंतु मला सर्वांत जास्त सलतो तो चौथा दिवस. मंगल कार्यालयाच्या गच्चीवर ५४० वॉटची आठ पॅनेल एका ओळीत जोडलेली होती, म्हणजे जवळपास ४०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज). भर दुपारी, इन्व्हर्टर (डीसीची घरगुती एसी वीज करणारे यंत्र) चालू असताना शिकवणाऱ्या ‘सरांनी’ कनेक्टर सरळ ओढून काढला आणि बोटभर लांब ठिणगी उडाली. डीसीच्या पेटीत त्यांनी घरात बसवतो तोच साधा एसीचा एमसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारा खटका) लावला होता. एसीमध्ये प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी आपोआप विझते. डीसीमध्ये तो शून्यावर येतच नाही आणि ठिणगी जळत राहते, एवढे तर आम्हाला आयटीआयमध्ये शिकवलेले आहे. मी दोन हात अंतरावर उभा होतो. मी ते पाहिले, मला ते खटकले आणि मी गप्प राहिलो. सोलरची पद्धत वेगळी असेल, अशी मनाची समजूत घातली. खरे कारण असे की तोपर्यंत २०,६५० रुपये भरून झाले होते आणि ते बुडाले असे मान्य करण्याची माझी तयारी नव्हती. त्या संध्याकाळी गावी परतलो असतो तर ४१,३०० रुपये वाचले असते, कारण ते मी दुसऱ्या दिवशी भरले.

सातव्या दिवशी कार्यालयाला कुलूप होते आणि सगळे फोन बंद होते.

त्यानंतर दारोदार फिरणे सुरू झाले. आमच्या पोलीस ठाण्याने सांगितले की प्रकार नांदेडला घडला, तिकडे जा. तिथे सांगितले की पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडेच तक्रार द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील कागद दाखवून सांगितले, तर उत्तर मिळाले की हा तुमच्यातला देण्याघेण्याचा व्यवहार आहे, दिवाणी न्यायालयात जा. एकवीस माणसांकडून एकाच आठवड्यात पैसे घेऊन पळून जाणे हा व्यवहार कसा होतो, हे मला कोणी समजावून सांगावे. बँकेने म्हटले की पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवले. वीज कार्यालयातल्या साहेबांनी कागद न वाचताच परत सरकवला. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० या क्रमांकावर पहिल्याच तासात फोन करायला हवा होता, हे मला नवव्या दिवशी कळले. तुम्ही ते आत्ताच लिहून ठेवा.

विक्रेत्याची नोंदणी करून देतो असे म्हणणाऱ्याला बँक हमीविषयी विचारा. त्या नोंदणीसाठी वीज कंपनीकडे अडीच लाखांची हमी द्यावी लागते, ती ४१,३०० रुपयांत कोणी काढून देत नाही. केंद्र शासनाचे सूर्यमित्र प्रशिक्षण ६०० तासांचे आहे आणि प्रशिक्षणार्थ्याकडून त्याचे शुल्क घेतले जात नाही. हे मला चौकशी केल्यावर कळले, आणि चौकशी मी फसल्यानंतर केली. अनुदानही ग्राहकाच्या खात्यात थेट जमा होते, त्यामुळे ‘अनुदानातून तुमचा वाटा देऊ’ हे वाक्य कानावर पडले की उठून या.

पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने अर्ज पाठवला आहे. पोचपावती आली, उत्तर आलेले नाही.

त्या वर्गातल्या काही जणांनी परत येऊन घरांवर संच बसवायला सुरुवात केली आहे, असे कानावर येते. त्यांनी डीसीच्या पेटीत एसीचा एमसीबी लावला असेल तर तो बदलून डीसीचाच लावावा, आणि त्यासाठी आधी इन्व्हर्टर बंद करावा, डीसी आयसोलेटर (डीसी तोडणारा खटका) उघडावा, पॅनेलकडून येणाऱ्या तारांचे कनेक्टर सोडवावेत, पेटीत व्होल्टेज उरले नाही हे मीटरने पाहावे आणि मगच हात घालावा. ऊन असेपर्यंत पॅनेलकडून येणाऱ्या तारांत व्होल्टेज असतेच.