घोडेस्वार फायटर आणि त्याचा लान्स: काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

हा फायटर (लढवय्या पात्र) घेतला तेव्हा आमच्या टेबलावर डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीची २०१४ची पुस्तकं होती. पुढे डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) मोहीम मध्येच २०२४च्या नियमांवर नेली. त्यामुळे तोच घोडा, तोच माणूस आणि तोच लान्स (घोडेस्वाराचा लांब भाला) मला दोन्ही नियमांत खेळायला मिळाला.

आधी निकाल सांगून टाकतो. या खेळातला लान्स दौडत जाऊन धडकायचं शस्त्र नाही. लांबून टोचायचं आणि सटकायचं, यासाठी तो आहे, आणि तसा वापरला तर भलताच घातक आहे.

२०१४च्या तक्त्यात लान्सचं डॅमेज (इजा) डी१२, म्हणजे बारा बाजूंच्या फाशावर येईल तेवढं, रीच (पोहोच) १० फूट. जमिनीवर दोन हात लागतात, घोड्यावर एकच, म्हणजे दुसऱ्या हातात ढाल. बदल्यात ५ फुटांच्या आतल्या शत्रूवर डिसॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा). घोडा किती वेगाने आला याच्याशी डॅमेजचा काडीचाही संबंध नाही. साडेतीन आवृत्तीत हाच लान्स चार्ज करताना दुप्पट डॅमेज द्यायचा, स्पिरिटेड चार्ज फीट (पात्रासाठी निवडायचं खास कौशल्य) असेल तर तिप्पट, आणि वर क्रिटिकल (वर्मी लागलेला वार) बसला की पाचपट! तिथून आलेल्या खेळाडूचा इथे हिरमोड होतो. माझाही झाला, पण पहिल्या मोकळ्या मैदानावरच्या लढाईपर्यंतच.

समजा तलवारवाला हॉबगॉब्लिन (राक्षसी सैनिक) ४० फुटांवर उभा आहे. वॉरहॉर्सचा वेग ६० फूट. ३० फूट पुढे जायचं, १० फुटांवरून टोचायचं, उरलेले ३० फूट मागे यायचं. त्याच्या ५ फुटांच्या टप्प्यात मी शिरतच नाही, त्यामुळे ऑपॉर्च्युनिटी अटॅक (टप्प्यातून निघताना बसणारा फुकटचा वार) नाही, आणि घोड्याची डिसएंगेज (तो वार टाळून निघायची) ॲक्शनही खर्ची पडत नाही. त्याच्या टर्नला तो ३० फूट धावतो आणि माझ्यापासून १० फुटांवर तलवार हातात धरून उभा राहतो. डॅश (ॲक्शन खर्चून दुप्पट धावणं) केलं तर गाठतो, पण मग वार करायला ॲक्शन उरत नाही. सोबत २०१४चं माउंटेड कॉम्बॅटंट फीट असेल तर घोड्यापेक्षा लहान आणि पायी असलेल्या प्रत्येक शत्रूवर मेली (हातघाईच्या) हल्ल्यात ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा), तेही १० फुटांवरून. दोन-तीन लढाया अशा झाल्यावर डीएमच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं आणि पुढचे सगळे हॉबगॉब्लिन धनुष्यं घेऊन आले. रास्तच होतं ते.

मात्र हा सगळा डाव एका गृहीतकावर उभा आहे: घोड्याची चाल मधे तोडून वार करता येतो. नियमात एवढंच आहे की स्वाराच्या ताब्यातल्या घोड्याचा इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) स्वाराइतकाच होतो. मग दोघांची मिळून एक टर्न, की एकामागोमाग एक अशा दोन? दोन मानल्या तर घोडा आधी आपली चाल संपवणार, मग तुम्ही वार करणार, आणि शत्रूसमोर तसेच उभे राहणार. आम्ही एकच टर्न धरतो. तुमचा डीएम काय धरतो ते कॅरेक्टर बनवायच्या आधी विचारून घ्या, कारण अख्खा बिल्ड (पात्राची रचना) त्यावर अवलंबून आहे.

२०२४मध्ये लान्सचं डॅमेज डी१० वर आलं. सरासरी एका पॉइंटचा तोटा, खेळताना जाणवतही नाही. जवळच्या शत्रूवरचं डिसॅडव्हान्टेज गेलं आणि टॉपल मास्टरी (शस्त्राची खास करामत) आली: वार बसला की समोरच्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणाच्या जोरावर फासा टाकून बचाव) करायचा, नाहीतर आडवा. आडव्या पडलेल्याला उठायला अर्धा वेग घालवावा लागतो, म्हणजे पाठलाग तिथेच संपला. यातली गोम पहिल्यांदा लक्षात येत नाही. आडव्या शत्रूवर ५ फुटांच्या आतून ॲडव्हान्टेज मिळतं, त्यापलीकडून डिसॅडव्हान्टेज. पहिल्या वाराने तुम्ही त्याला लोळवता आणि एक्स्ट्रा अटॅकचा दुसरा वार १० फुटांवरून करायला गेलात तर स्वतःच्याच पराक्रमाची शिक्षा भोगता. मी आता पहिला बसला की दुसरा वार शेजारच्या उभ्या शत्रूवर टाकतो आणि पडलेला आमच्या रोग नावाच्या चोर पात्राला देऊन टाकतो.

नवीन माउंटेड कॉम्बॅटंट फीटही बदललंय. ॲडव्हान्टेज आता फक्त घोड्यापासून ५ फुटांच्या आत असलेल्यांवर, म्हणजे फायदा हवा तर गर्दीत घुसा. गर्दीत घुसलात की घोड्याला मार. आणि घोडं नेमकं इथेच पेंड खातं.

वॉरहॉर्सची किंमत ४०० सोन्याची नाणी. हिट पॉइंट (किती इजा सोसेल) १९, एसी (आर्मर क्लास, म्हणजे वार बसायला लागणारा आकडा) ११. पाचव्या लेव्हलच्या पुढे एवढ्या हिट पॉइंटांना कोण विचारतो? फायरबॉल या आगीच्या मंत्राचं सरासरी डॅमेज २८, सेव्ह जमला तरी १४. फीट घेतलं असेल तर सेव्ह फसल्यावर अर्धं आणि जमल्यावर शून्य, तेव्हा कुठे घोडा उभा राहतो. माझ्या मते या फीटचा खरा मोल हाच आहे, ॲडव्हान्टेज नव्हे. चिलखत घालायचं तर माणसाच्या चौपट किंमत: चेन मेल ३०० नाणी, प्लेट ६०००. चेन मेलने एसी १६ होतो आणि पैसे वसूल होतात. प्लेट परवडेपर्यंत तुम्ही ड्रॅगनांशी लढत असता आणि त्यांच्या श्वासाला एसीशी काही देणंघेणं नसतं. पॅलाडिनला (मंत्र जाणणाऱ्या धर्मयोद्ध्याला) ही कटकट नाही. फाइंड स्टीड या मंत्राने आणलेला घोडा शून्यावर गेला की अदृश्य होतो, स्पेल टाकून परत बोलावता येतो. फायटरने आपला तबेला बाळगायचा.

२०१४च्या वॉरहॉर्सची आणखी एक थट्टा. २० फूट सरळ धावून टापा मारल्या तर समोरच्याला आडवं पाडायची क्षमता त्याच्याकडे आहे. पण ताब्यातल्या घोड्याला तीनच ॲक्शन: डॅश, डिसएंगेज, डॉज. हल्ला नाही. लढाईचा घोडा विकत घ्यायचा आणि पाठीवर बसताक्षणी त्याची लढाई बंद.

जाता जाता: घोड्यावरून लाँगबो चालवायला पाचव्या आवृत्तीत काहीच दंड नाही. साडेतीनमध्ये घोडा दुप्पट चालीत असला तर उणे ४, भरधाव असला तर उणे ८. आता १५० फुटांचा पल्ला आणि ६० फुटांचा वेग, वर शून्य त्रास. निव्वळ परिणामकारकता बघायची तर तिरंदाज स्वार लान्सवाल्याला मागे टाकतो. खेळायला कंटाळवाणा आहे, एवढंच.

मधे डीएमला सुट्टी होती तेव्हा पाथफाइंडर या तशाच खेळाची दुसरी आवृत्तीही चाखून पाहिली. तिथे विचार अगदी उलटा. मोठ्या घोड्यावर बसल्यावर १० फुटांचा रीचही घोड्याला लागून असलेल्या, मॅपवरच्या चौकोनांपुरताच पुरतो, त्यामुळे माझी टोचून पळायची युक्ती निकालात. उलट जाउस्टिंग गुणामुळे वाराच्या आधीच्या ॲक्शनला निदान १० फूट हलला असाल तर प्रत्येक डॅमेज डाइसमागे एक जादा डॅमेज मिळतं. दौडीला किंमत आहे, थोडी का होईना. स्वार घोड्याचे सगळे चौकोन व्यापतो हेही स्पष्ट लिहिलंय. आमच्याकडे चार चौकोनांच्या घोड्यावर माणूस नेमका कुठे बसलाय यावर अजून मॅपवर पट्टी ठेवून वाद होतात. पण घोड्याला हुकूम द्यायला तीनपैकी एक ॲक्शन जाते, रिफ्लेक्स (चपळाईच्या) सेव्हला उणे २, आणि एकापाठोपाठच्या हल्ल्यांचा दंड दोघांना मिळून. स्पष्टता हवी तर तिकडे जा, मोकळेपणा हवा तर इकडे राहा.

सध्या आम्ही एक घरगुती नियम चालवतोय: घोडा निदान २० फूट सरळ रेषेत आला आणि स्वार ५ फुटांपर्यंत भिडला, तर त्या टर्नच्या पहिल्या वाराला लान्सचा एक डाइस जास्त. १० फुटांवरून टोचणाऱ्याला काही नाही. तेव्हापासून मी निम्म्या वेळा तरी भिडतो. गुहेत मात्र यातलं काहीच चालत नाही. तुमच्या मोहिमेत तळघरं आणि बोगदेच जास्त असतील तर फीट दुसरं घ्या, लान्स दाराबाहेर घोड्याशेजारी टेकवा आणि साधी लाँगसोर्ड घेऊन खाली उतरा.