मोटर बसवलेल्या सायकलचे मागचे चाक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सायकलला मोटर (छोटे इंजिन) जोडायच्या या किटच्या इंजिनाने आठ महिन्यांत फारसा त्रास दिला नाही. जो काही दिला तो मागच्या चाकाने. ४४ दातांचे स्प्रॉकेट (मोटरची चेन ज्यावर चालते ते दातेरी चाक) रबराच्या चकत्यांमध्ये स्पोक दाबून नऊ बोल्टांनी बसवायचे, अशी त्याची मूळ रचना आहे. रबर हळूहळू दबते, बोल्ट सैल पडतात आणि ते ओळीने एकामागून एक आवळत गेले की स्प्रॉकेट तिरके बसते. मी नेमके हेच केले होते. पुढे एक बोल्ट थोडा आवळून लगेच त्याच्या समोरच्या बाजूचा घ्यायचा, असे दोन-तीन फेरे केल्यावर स्प्रॉकेटचे डोलणे जवळजवळ थांबले.

तरीही मोटरची चेन उतरतच राहिली. सायकल उलटी करून चाक फिरवले की सगळे सरळ दिसे, पण चढावर जोर पडला की चेन हमखास सुटे. मी दोष चेनला देत राहिलो, एक नवी चेनही विकत घेतली, आणि तो खर्च फुकट गेला. शेवटी रिम धरून चाक डावी-उजवीकडे हलवले तेव्हा हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातून, बारीक 'टक' असा आवाज आला. हब उघडला, तर मोटरच्या बाजूच्या कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात त्या एक्सलवरच्या निमुळत्या नटावर) छर्ऱ्यांच्या वाटेत खड्डे पडलेले होते, आणि एक्सल (चाकाचा आस) काचेवर लोळवल्यावर मधोमध खालून उजेड दिसत होता, म्हणजे तो वाकला होता.

एक्सल, दोन्ही कोन आणि छर्रे बदलून भरपूर ग्रीस भरले. कोन जागेवर पक्का करणारा लॉकनट आवळताना पातळ पान्याने कोन धरून ठेवावा लागतो, नाहीतर तो सोबत फिरतो. मोटरची चेन उतरवून चाक सोडले, की व्हॉल्व्ह आपोआप तळाशी येऊन थोडा झुलला पाहिजे. झुलला नाही तर कोन जास्त घट्ट आहे.

त्यानंतर रबर काढून थेट हबला पकडणारा दोन तुकड्यांचा क्लॅम्प बसवला, त्यामुळे स्प्रॉकेट आता स्पोकवर दाबून बसवलेले नाही. हबचा व्यास आधी मोजून घ्यावा. मी अंदाजाने आणलेला पहिला क्लॅम्प बसलाच नाही. चेनला साधारण अर्धा इंच ढील ठेवतो. एक्सल खाचेत पुढे सरकू नये म्हणून दातेरी वॉशर लावले आहेत. बोल्ट सैल पडला तर कळावे म्हणून क्लॅम्प आणि बोल्ट यांच्यावर रंगाची एकेक रेघ ओढून ठेवली आहे. गेल्या आठवड्यात एका बोल्टावरची रेघ किंचित सरकलेली दिसली.