उपवासकाळाची पुठ्ठ्याची पेटी: कल्पना पक्की, तळ कच्चा

भस्म बुधवारी ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो. त्या दिवशीच्या उपासनेनंतर घरटी एक घडीची पुठ्ठ्याची पेटी हातात पडते. ज्या जेवणाला फाटा दिला त्याचे पैसे तिच्यात टाकायचे आणि ईस्टरआधी मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, ते गरजूंच्या घरी पोचवायचे, एवढंच तिचं काम. काम मोठं, पेटी मात्र घाईत बनवलेली.

आधी फट बघा. ती तीन सेंटिमीटरची असली तर 10 रुपयांचं नाणं (27 मिलिमीटर) सहज जातं. नवी 10ची नोट 63 मिलिमीटर रुंद. लांबीत दुमडली तरी साडेएकतीस भरते, म्हणजे अडली. मग लोक चौघडी करतात आणि तो जाड गठ्ठा तोंडाशीच बसतो. फट 35 मिलिमीटरची मागा. दुसरं दुखणं तळाचं. शंभर नाणी पाऊण किलोच्या वर जातात, आणि मार्चच्या उन्हात पत्र्याच्या घरात खळ सुकून सुटते. चिकटवलेला तळ नको, एकमेकांत अडकणाऱ्या पाकळ्यांचा घ्या.

पाठीवर 40 चौकटी छापलेल्या असतात. भस्म बुधवार ते ईस्टरचा आदला शनिवार हे 46 दिवस. त्यातले 6 रविवार उपवासात धरत नाहीत. चौकटींवर तारखा नसतील तर माणूस रविवारीही खूण करतो, झावळ्यांच्या रविवारीच (ईस्टरच्या आदल्या रविवारी) रकाने संपतात आणि ऐन पवित्र आठवडा कोरा राहतो. तारखा छापलेली पेटी थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी.

पेटी रिकामी राहण्याचं खरं कारण पुठ्ठा नव्हे, साबुदाणा. भाकरी-वरण सोडायचं आणि शेंगदाण्याचा कूट घालून खिचडी करायची, म्हणजे एकादशी नि दुप्पट खाशी. जेवणापेक्षा फराळ महाग, पेटीत टाकणार काय? धाब्यावरची शेवभाजी सोडली तर तिचे पैसे त्याच दिवशी पडावेत. उद्यावर गेले की गेलेच. कॅथलिक नियमात उपवास 18 ते 59 वयासाठी आहे. मधुमेही, गरोदर बाई, उन्हात राबणारा मजूर यांनी जेवावं आणि चहा, तंबाखू किंवा मोबाईलचा रिचार्ज सोडावा.

काही पेट्यांवर नावाची ओळ असते. ती खोडाच. बायबलात मत्तय 6:3 मध्ये उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हटलंय, आणि इथे कुणाची पेटी जड ते मंडळीचे पंच (कारभारी) हातात तोलून बघतात. झावळ्यांच्या रविवारी पेट्या गोळा करा, खजिनदार आणि दोन पंचांनी त्याच दिवशी मोजून वहीत सह्या कराव्यात. म्हणजे शिधा भरायला आठवडा मिळतो. शेवटच्या दिवसांचे पैसे गुड फ्रायडेच्या अर्पणाच्या थैलीत.

नवापूर-अक्कलकुव्याकडे हातात रोकड नसते तेव्हा पेटीपेक्षा धान्याचा डबा बरा. मिझोराममध्ये 1910 पासून ख्रिस्ती घरांतल्या बाया स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. आपल्याकडे ज्वारी चालेल. कडुनिंबाचा पाला घाला, नाहीतर सोंडे होतात.

पत्र्याची पेटी वर्षानुवर्षं टिकते, पण नाणं पडलं की शेजारच्या ओसरीपर्यंत खणकतं. तळाशी जुन्या बनियनचा तुकडा अंथरला की गप्प बसते.