सर्व्हरमध्ये डिस्क: सॅस की साटा?

सॅस (SAS) आणि साटा (SATA) म्हणजे सर्व्हरला डिस्क जोडायच्या दोन पद्धती. दोन्ही प्रकारच्या डिस्क हातात घेऊन मागची बाजू बघा. साटाच्या डेटा आणि पॉवरच्या पट्टीमध्ये खाच असते, सॅसमध्ये ती भरलेली. म्हणून साटा डिस्क सॅसच्या खणात बसते, उलटं जमत नाही. जोर लावलात तर कनेक्टर तुटेल.

वेग म्हणाल तर साटाचा सेकंदाला ६ गिगाबिट, सॅस-३ (सॅसची तिसरी पिढी) चा १२. पण फिरत्या हार्ड डिस्कला ६ सुद्धा पुरून उरतात, तेव्हा नुसत्या आकड्यावर भाळू नका. सॅसला जास्तीचे पैसे मोजायचे ते दोन पोर्टसाठी: एक कंट्रोलर (डिस्क आणि सर्व्हर यांना जोडणारा भाग) बंद पडला तरी डिस्क दुसऱ्या वाटेने चालू राहते. केबल साटाची १ मीटर, सॅसची १० मीटरपर्यंत. बॅकअपच्या सर्व्हरला मी मात्र बिनधास्त साटाच लावतो.